दोऱ्या कुठं गेल्या?

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी हा आमच्यासाठी दिवसातून एकदा येणारा पस्तीस मिनिटांचा पीरियड होता, आणि तोही बऱ्याचदा पीटीच्या सरांनी पळवलेला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते संपादक मंडळाने क्लोन करून टाकावं! (हा विनोद का आहे ते पुढे कळेल.) ‘छायाचित्रण’ हा शब्द मला लिहिता येतो, पण बोलताना जीभ अडकते. म्हणून मी फोटोच म्हणणार.

तर हा लेख एका फोटोबद्दल आहे. तो तुम्हाला या अंकात दिसणार नाही. का, तेच सांगते.

मी मूळची नाशिकची. इथे अॅडमिशन मिळाली तेव्हा कोल्हापूर म्हणजे महालक्ष्मी, रंकाळा आणि तांबडा-पांढरा एवढंच माहीत होतं. फर्स्ट इयरला फोटोग्राफी क्लब जॉइन केला, कारण मावसभावाने त्याचा जुना डीएसएलआर आणि त्यासोबतची १८-५५ ची लेन्स मला देऊन टाकली होती. क्लबमध्ये दर दुसऱ्या शनिवारी ड्रॉइंग हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बसायचं. प्रत्येकाने एक फोटो दाखवायचा. नियम एकच, पण कडक: ज्याचा फोटो स्क्रीनवर आहे त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं, त्याने ऐकायचं. कारण स्पर्धेत परीक्षकांच्या शेजारी उभं राहून ‘सर, त्या दिवशी ऊन फार होतं हो’ असं सांगता येत नाही. फोटोला जे सांगायचंय ते त्यानेच सांगायचं.

नियम चांगला आहे. मी अजूनही त्याच्या बाजूने आहे. पण माझा घोटाळा झाला तो याच नियमाच्या आडोशाने.

२०२५ ची जोतिबाची चैत्र यात्रा. पौर्णिमा १२ एप्रिलला, शनिवारी होती. माझ्या रूममेटच्या गावाची सासनकाठी दरवर्षी चालत डोंगरावर येते. ती म्हणाली, चल. मी गेले. ज्यांनी ही यात्रा पाहिली नाही त्यांना काय सांगू! तीन-तीन मजली उंच काठ्या, त्यांना गुंडाळलेले रंगीत कापडाचे पट्टे, फुलं. एक माणूस ती काठी अंगावर पेलून नाचतो, आणि काठीच्या वरच्या भागाला बांधलेल्या दोऱ्या चारी बाजूंनी माणसं ताणून धरतात. तो नाचतो तसतसे हे ओढतात, सोडतात, पुन्हा ओढतात. वरून गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि चहूकडून ‘चांगभलं’चा गजर. देवळाचे दगड गुलाबी, पायऱ्या गुलाबी, माणसं गुलाबी. मी कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, तरी झूमच्या रिंगमध्ये गुलाल गेला तो गेलाच. अजून रिंग फिरवली की कर्र आवाज येतो.

सहाशेच्या वर फोटो काढले. त्यातला एक निघाला. एका ओवरीच्या पायऱ्यांवरून काढलेला: मधोमध काठी, खाली नाचणारा माणूस, मान मागे, डोळे मिटलेले, आणि मागून उन्हात गुलालाचा ढग पेटल्यासारखा.

हा फोटो मी शनिवारी क्लबमध्ये लावला आणि तोंड बंद करून बसले.

पहिली कॉमेंट गुलालावर. ‘हा गुलाल आहे की स्ट्रॉबेरी जेली?’ सगळे हसले. मी मनातल्या मनात जळफळले, कारण हिस्टोग्राम मी स्वतः तपासला होता, एकदम मधोमध होता! पण बोलणारा बरोबर होता. का ते नंतर कळलं, आणि हे प्रत्येक होळी-यात्रा-गणपतीवाल्याने ऐकावं असं आहे.

कॅमेऱ्याच्या मागे साधा ब्राइटनेसचा हिस्टोग्राम दिसतो तो तिन्ही रंगांचा सारखा हिशोब धरत नाही. इमेज प्रोसेसिंगच्या पेपरात येतं तेच नेहमीचं सूत्र: लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४. सगळ्यात जास्त वजन हिरव्याला. आता गुलालाचा एक पिक्सेल घ्या: लाल २५५, हिरवा २०, निळा १२०. करा बेरीज. ब्राइटनेस येतो साधारण १०२! म्हणजे २५५ पैकी १०२, मधल्याही खाली. हिस्टोग्राम म्हणतो सगळं आलबेल, आणि तिकडे लाल चॅनेल छताला डोकं आपटून बसलाय. लाल एकदा २५५ ला जाऊन चिकटला की गुलालाच्या ढगातल्या घड्या, कण, सावल्या जवळजवळ सगळ्या गेल्या. उरते ती जेली. वर मी सॅच्युरेशन वाढवलेलं, कारण मला ‘पंच’ हवा होता. म्हणजे आधीच बुडालेल्याच्या डोक्यावर आणखी एक बादली!

इलाज: यात्रेत तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवायला कॅमेऱ्याला सांगा, लालवर नजर ठेवा, एक्स्पोजर थोडं कमी घ्या, आणि रॉमध्ये काढा. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४. माझ्या नशिबाने रॉ होती. डार्कटेबलमध्ये (फुकट आहे, फोटोशॉपचं भाडं भरायला मी काय रविवारची शिकवणी घेते?) एक्स्पोजर खाली ओढलं, सगळ्या फोटोचं नाही तर फक्त गुलाबीचं सॅच्युरेशन उतरवलं, आणि ढगात अक्षरशः ढग दिसायला लागला. मला एवढा आनंद एम-थ्री सुटल्यावरही झाला नव्हता.

ही झाली चांगल्या फीडबॅकची गोष्ट. आता दुसरी.

दुसरी कॉमेंट आमच्या एका सिनियरची. त्याला आम्ही क्रॉपदादा म्हणतो. त्याच्यासमोर सूर्योदय आणला तरी तो म्हणेल ‘उजवीकडून थोडा काप’. पण डोळा तयार आहे, स्पर्धांमध्ये बक्षिसं आहेत, आणि ज्युनियर्सना वेळ देतो. तो म्हणाला, ‘फोटो कडक आहे. पण त्या वायरी काढ. आकाशाचे तुकडे होतायत. आणि उजव्या कोपऱ्यातला तो अर्धा हात, तोही डिस्ट्रॅक्ट करतो.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मुंबई, पुणे, नागपूर, जळगाव: त्या हॉलमधल्या बहुतेकांनी सासनकाठी जवळून पाहिलेलीच नव्हती. त्यांना त्या खरंच वायरी वाटल्या.

मला माहीत होतं की त्या वायरी नाहीत, काठीच्या दोऱ्या आहेत. मी तिथे उभी होते. तो हात दोरी धरलेला आहे हेही माहीत होतं. पण नियम ना, तोंड उघडायचं नाही! आणि नंतर चहाच्या वेळी तोंड उघडायला पूर्ण मोकळीक होती तेव्हाही मी बोलले नाही. कारण एव्हाना डोक्यात एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची जाहिरात घुमत होती. विषय ‘परंपरा’, पहिलं बक्षीस पाच हजार. पाच हजारात सेकंडहँड फिफ्टी एमएम येते. ती मी मनात विकतसुद्धा घेतली होती.

सबमिशनच्या आठवड्यात तीन रात्री मी त्या दोऱ्या पुसल्या. आता फोनमध्ये बोट फिरवलं की वस्तू गायब होते, गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ मध्ये ते आणलं, आणि २०२३ पासून फोटोशॉपमध्ये तर नुसतं मागितलं की एआय अख्खं आकाश भरून देतो. पण मला ‘हाताने’ करायचं होतं. गिम्पमधलं क्लोन टूल म्हणजे फोटोतल्या एका जागेचा तुकडा उचलून दुसरीकडे लावायचा. मोकळ्या आकाशात सोपं. जिथे दोरी गुलालाच्या ढगातून जात होती तिथे मात्र जीव निघाला. हील टूल आजूबाजूचा रंग बघून डाग मिसळून टाकतं, पण काठीच्या काळ्या कडेजवळ गेलं की तो काळा रंग आकाशात ओघळतो, मळका ठसा उमटतो. मग पुन्हा अनडू, पुन्हा क्लोन, ब्रश मऊ, झूम शंभर टक्के, पहाटेचे तीन.

दोऱ्या गेल्यावर कोपऱ्यातला तो हात हवेत मूठ आवळून बसला. आता तो खरंच विचित्र दिसायला लागला! मग तोही काढला. त्याच्या जागी शेजारची गर्दी आणि गुलालाचा एक गोळा उचलून लावला. त्यामुळे फोटोत तोच गोळा दोन ठिकाणी होता, अगदी जुळ्या भावांसारखा. माहीत असेल तर दिसतो. क्लबमध्ये दाखवला तेव्हा कुणालाच दिसला नाही. सगळे म्हणाले, ‘क्लीन! एकदम क्लीन!’ क्रॉपदादाने चक्क काहीही कापायला सांगितलं नाही.

रूममेटही तिथे होती. ती फोटोकडे बघत राहिली आणि ‘छान’ म्हणाली. तिचं नेहमीचं ‘छान’ पाच मिनिटं चालतं. हे एका शब्दात संपलं. माझ्या लक्षात आलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

फोटो शेवटच्या फेरीत गेला! आयोजकांची मेल आली: अभिनंदन, चार दिवसांत मूळ रॉ फाइल पाठवावी. मग मी पहिल्यांदा नियमांचं पान नीट वाचलं. (आपण इंजिनियर लोक मॅन्युअल कधी वाचतो? धूर निघाल्यावर.) एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, रंग, क्रॉप चालेल. फोटोतली वस्तू काढणं किंवा नवी घालणं चालणार नाही.

आता हे नियम सगळीकडे सारखे नसतात, म्हणून गोंधळ होतो. छंदवाल्यांच्या सलोन स्पर्धांमध्ये ‘ओपन’ विभागात फोटोत बरीच मोडतोड चालते, मूळ चित्रं तुमची असली की झालं. पण फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकेच्या ‘फोटो ट्रॅव्हल’च्या व्याख्येत क्रॉप सोडून काहीही काढायला, घालायला, हलवायला मनाई आहे. म्हणजे माझा तोच फोटो एका विभागात कला आणि दुसऱ्यात कॉपी. बातमीचे फोटो असतील तर आणखी कडक. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने स्टेपान रुदिक या फोटोग्राफरचं बक्षीस काढून घेतलं. त्याने मूळ फोटो भरपूर क्रॉप करून कृष्णधवल केला होता. बक्षीस त्यामुळे गेलं नाही. मागे दिसणारा कुणाच्या तरी पायाचा एक तुकडा त्याने पुसला होता, त्यामुळे गेलं. रॉ फाइल मागवल्यावर ते उघड झालं. २०१५ मध्ये त्याच स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के असेच बाद झाले. हे सगळं वाचून मला जरा बरं वाटलं, की चला, मोठमोठी माणसंही तीन वाजेपर्यंत जागतात. मग लगेच अजिबात बरं वाटेना.

क्रॉपदादाला फोन केला. तो म्हणाला, ‘कार्ड करप्ट झालं म्हणून सांग. जेपेग घेतात कधीकधी.’ त्याने हे दुष्टपणे सांगितलं नाही हो. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स आणून देतो तशाच मायेने सांगितलं. आणि मी ‘ओके’ म्हणाले. मेल टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवली.

मध्ये शनिवार-रविवार होता. रूममेट गावी चालली होती, मीही गेले. संध्याकाळी सोप्यात बसलो होतो. तिचे आजोबा म्हणाले, ‘ही म्हनली, तू काठीचा लई भारी फोटू काढलाईस. दाव की.’ मी लॅपटॉप उघडला. आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, स्क्रीनजवळ आले. बराच वेळ गप्प. मला वाटलं, भारावले.

‘पोरी, दोऱ्या कुठं गेल्या?’

मी काहीतरी पुटपुटले. प्रकाश, अँगल...

‘आगं, दोऱ्या न्हाईत तर काठी हुबी कशी ऱ्हाईल? पडंल की लोकांच्या डोस्क्यात!’ मग त्यांनी उजव्या कोपऱ्यावर, बरोबर त्या जुळ्या गोळ्यावर, बोट ठेवलं. ‘आन हितं आमचा थोरला हुता. दरसाल हितंच असतो त्यो. उजव्या अंगाला.’

थोरला म्हणजे रूममेटचे बाबा. ते आत गाईला वैरण टाकत होते. दुपारी त्यांनीच मला आग्रहाने तिसरी भाकरी वाढली होती.

रात्री अंथरुणावर मी तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, ‘हो. बाबांच्या हातातला दोरा मला ओळखू येणार नाही का?’ मग बोलली का नाहीस? ‘सगळे क्लीन क्लीन म्हणत होते. आणि मला वाटलं, फोटोग्राफीत असंच असतं. मला काय कळतं त्यातलं?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या हॉलमध्ये चाळीस जण होते. सासनकाठी म्हणजे काय हे तिच्या घराइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि आमच्या सगळ्यांच्या हिस्टोग्राम-हायलाइट-हॅलोच्या भाषेपुढे तीच गप्प बसली होती. फोटो माझा, म्हणून नियमाने मी गप्प. ती मात्र विनानियम.

सोमवारी ड्राफ्ट पुसला. रॉ जोडली आणि लिहिलं, की या फोटोतून काठीच्या दोऱ्या आणि एका माणसाचा हात मी काढलेला आहे. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, एका ओळीचं. प्रवेशिका विचारात घेता येणार नाही. त्यांचं काही चुकलं नाही. इथे खरं तर लिहायला हवं की मन कसं हलकं झालं वगैरे. नाही झालं. मी हॉस्टेलच्या टेरेसवर जाऊन रडले, आणि त्यातलं निम्मं रडणं फिफ्टी एमएमसाठी होतं.

पुढच्या बैठकीत मी मूळ फोटो पुन्हा लावला. गुलाल नीट केलेला, दोऱ्या सगळ्या जागेवर, हात जागेवर. आणि पहिल्यांदाच नियम मोडून आधी बोलले: या वायरी नाहीत, या ताणलेल्या दोऱ्या आहेत, त्यांच्यावर काठी उभी आहे. हॉलमध्ये जरा वेळ शांतता. मग जे भांडण जुंपलं! एक म्हणाली, आता कळल्यावर आधी दोऱ्यांकडेच नजर जाते आणि त्यांच्यावरून घसरत हातापर्यंत पोचते. दुसरा म्हणाला, पण फोटोसोबत तू थोडीच जाणार आहेस सांगायला? ज्याला माहीत नाही त्याला वायरीच दिसणार. तोही बरोबर आहे, काय करणार! क्रॉपदादा आधी खजील झाला होता, पण पाच मिनिटांत सावरला. ‘मग त्या दोरीवर जोर दे ना,’ म्हणाला, ‘ती आकाशात मिसळते म्हणून वायर वाटते. तिथला कॉन्ट्रास्ट थोडा वाढव, पीळ दिसू दे. आणि डावीकडून थोडा काप.’

केलं तसं. फक्त दोऱ्यांवर मास्क लावून कॉन्ट्रास्ट वाढवला. खरंच पीळ दिसायला लागला. सुंभ ओळखू येतो आता. डावीकडून काही कापलं नाही, तिकडचा दोरा धरलेला माणूस कुणाचा तरी थोरला असणारच.

आता क्लबमध्ये आम्ही एक छोटा बदल केलाय. फोटो काढणाऱ्याचं तोंड बंदच, पण शेवटी दोन मिनिटं त्याला मिळतात. आणि यात्रेचे, शेतीचे, कुठल्याही कामाचे फोटो असले तर ते काम माहीत असलेला कुणीतरी बैठकीला आणायचा, जमेल तेव्हा. मागच्या महिन्यात कुंभाराच्या चाकाचा फोटो होता तेव्हा कँटीनमधले मामा आले होते, त्यांच्या घरात चाक होतं. त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं की हा माणूस फोटोसाठी बसवलाय, हात कोरडे आहेत. काढणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

दिवाळीत मी तो फोटो बारा बाय अठराचा प्रिंट करून रूममेटच्या गावी घेऊन गेले. गुलालासाठी तीन वेळा लॅबमध्ये टेस्ट प्रिंट काढल्या, कारण स्क्रीनवरचा गुलाबी कागदावर तसा येत नाही, मरतो. शेवटी बराच जमला. ढगातली घडी न् घडी दिसत होती. आजोबांनी फोटो उजेडात धरला. दोऱ्यांवरून बोट फिरवलं, एक-एक करून चारी मोजल्या. मग थोरल्याला हाक मारली, ‘ये बघ, तुजा हात.’ काका आले, बघितलं, लाजले, हात टॉवेलला पुसत म्हणाले, ‘मनगटच हाय नुसतं.’ पण बघत राहिले.

आजोबा अजून फोटो तिरका करून बघतच होते.

‘समदं बेस हाय,’ ते म्हणाले, ‘पर गुलाल लई कमी दिसतोय गं. यवढाच हुता व्हय?’